अपेक्षाभंग कुणाचा?

इंडियानातील साऊथ बेंडहून न्यू जर्सीतील एडिसनला, माझ्या धाकट्या बहिणीकडे, आम्ही बहुतेक दर वर्षी गणपतीला मोटारीने जातो. वाट अगदी सरळ आहे. घरापासून दहा मिनिटांवर ऐंशी क्रमांकाच्या महामार्गाला लागायचे, ओहायो ओलांडायचे, मग पेनसिल्व्हेनियाचे संपता संपत नाहीत असे डोंगर पार करायचे आणि रात्री उशिरा बहिणीच्या दारात उतरायचे. निघाल्यापासून आठनऊ तासांनी या वाटेवर बर्विक नावाच्या गावाची पाटी येते. गाडीतल्या बाकीच्यांचे तिच्याकडे लक्षही जात नाही. मला मात्र ती दिसली की १९९३ साली या बर्विकहून आमच्या गावी खेळायला आलेला एकोणीस वर्षांचा एक मुलगा आठवतो. गणपती आणि अमेरिकन फुटबॉलचा हंगाम साधारण एकाच सुमारास येतात, त्यामुळे मखराच्या सामानाने भरलेल्या त्या गाडीत माझ्या मनात दर वर्षी तोच विचार फिरून येतो.

त्या मुलाचे नाव रॉन पॉव्लस. बर्विक हे सस्क्वेहॅना नदीकाठचे, कारखान्यांवर वाढलेले लहान गाव. तिथे एके काळी रेल्वेचे डबे बनत, दुसऱ्या महायुद्धात रणगाडे बनले, आणि ‘वाइज’चे बटाट्याचे वेफर्स हीही त्याच गावाची ओळख. अशा गावांत शुक्रवारी रात्री शाळेचा सामना असला की सगळे गाव मैदानावर असते. जॉर्ज करी या प्रशिक्षकांनी घडवलेला बर्विकच्या शाळेचा संघ १९९२ च्या हंगामात एकही सामना हरला नाही, ‘यूएसए टुडे’ने त्याला देशातील पहिल्या क्रमांकाचा शालेय संघ ठरवले, आणि त्या संघाचा क्वार्टरबॅक पॉव्लस होता. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातून जवळजवळ प्रत्येक डाव सुरू होतो तो खेळाडू. चेंडू स्वतःकडे ठेवायचा, दुसऱ्याच्या हाती द्यायचा की लांब फेकायचा, हे त्याला दोनतीन सेकंदांत, अंगावर धावून येणाऱ्या माणसांच्या भिंतीसमोर उभे राहून ठरवावे लागते. इतर जागांवर खेळाडू आलटूनपालटून उतरतात, पण क्वार्टरबॅक एका वेळी एकच असतो, आणि संघ हरला की लोकांच्या तोंडी पहिले नाव त्याचेच येते.

पॉव्लसने आमच्या गावातले नोटर डेम विद्यापीठ निवडले. या विद्यापीठाच्या फुटबॉलला जी परंपरा आहे तिची कल्पना बाहेरच्या माणसाला सहज येणार नाही. शनिवारी सामना असेल त्या दिवशी आमच्याकडे भाजी आणायलाही सकाळी लवकर जावे लागते, कारण दहा वाजल्यानंतर रस्ते आपले राहत नाहीत. देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला दर वर्षी हाइझमन करंडक देतात. नोटर डेमच्या सात जणांनी तो मिळवला आहे. त्यांतला पहिला १९४३ चा अँजेलो बर्टेली आणि शेवटचा १९८७ चा टिम ब्राउन. पॉव्लस येणार म्हटल्यावर ईएसपीएनवरचे बीनो कुक या जाणत्या आणि लोकप्रिय समीक्षकांनी भाकीत केले की हा मुलगा हाइझमन किमान दोनदा जिंकेल. या वाक्याचे वजन समजून घ्यायला हवे. हा करंडक दोनदा जिंकणारा खेळाडू आजवर एकच झाला आहे, ओहायो स्टेटचा आर्ची ग्रिफिन, १९७४ आणि १९७५ साली. म्हणजे विद्यापीठाच्या मैदानावर ज्याचा घाम अजून सांडला नव्हता त्या मुलाने इतिहासातल्या एकमेव माणसाची बरोबरी करावी, एवढीच अपेक्षा होती. कुक यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. कौतुकच होते, आणि मला तेच जास्त भयंकर वाटते, कारण कौतुकापासून स्वतःला कसे वाचवायचे हे कुणी कुणाला शिकवत नाही.

पहिला सामना होण्याआधीच, सरावात त्याचे कॉलरबोन मोडले आणि १९९३ चा पूर्ण हंगाम त्याने बाहेरून पाहिला. त्याच्या जागी केविन मॅकडूगल उभा राहिला. मॅकडूगल तोवर राखीव फळीत थांबलेला खेळाडू होता आणि त्याच्याविषयी कुणी भाकिते केलेली नव्हती. त्याच्या हाताखाली नोटर डेमने अकरा सामने जिंकले, नोव्हेंबरात पहिल्या क्रमांकावरच्या फ्लोरिडा स्टेटला ३१-२४ असे हरवले, आणि पुढच्याच आठवड्यात बॉस्टन कॉलेजविरुद्ध शेवटच्या क्षणी ४१-३९ असा सामना गमावून राष्ट्रीय विजेतेपद घालवले. १९९४ मध्ये पॉव्लसचा हंगाम आला तेव्हा मोजपट्टी आधीच दुप्पट झाली होती. एकीकडे कुक यांचे भाकीत होते आणि दुसरीकडे, ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नव्हती त्याने करून दाखवलेला तो हंगाम. त्या वर्षी संघ सहा सामने जिंकला, पाच हरला, एक बरोबरीत सुटला. १९९५ मध्ये नौदल अकादमीविरुद्ध त्याचा डावा हात मोडला. १९९६ च्या शेवटी मुख्य प्रशिक्षक लू होल्ट्झ निघून गेले आणि शेवटचे वर्ष त्याला नव्या प्रशिक्षकांकडे काढावे लागले. चार वर्षांत करंडक एकही नाही. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या वेळी, एकाही संघाने त्याचे नाव घेतले नाही.

पण याच मुलाने नोटर डेमसाठी ७,६०२ यार्डांच्या फेकी केल्या आणि ५२ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी, दिल्या. विद्यापीठ सोडताना तिथले फेकीचे अनेक विक्रम त्याच्या नावावर होते. बर्टेली, लुजॅक, हॉर्नंग, ह्युआर्ट असे करंडकवाले क्वार्टरबॅक जिथे होऊन गेले, तिथे एवढे टचडाउन पास त्याच्याआधी कुणीही दिले नव्हते. शिवाय होल्ट्झ यांची चढाई मुळात चेंडू घेऊन धावण्यावर उभी होती आणि पॉव्लस हा जागेवर उभा राहून लांब फेकणारा खेळाडू होता. हा मेळ नीट का बसला नाही याची चर्चा तेव्हाही झाली, पण लोकांनी एक लहान शब्द निवडला आणि तो अजून त्याच्या नावाला चिकटलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘बस्ट’.

मला या शब्दाविषयी फार दिवसांपासून काही म्हणायचे आहे. इंग्रजीत हा शब्द खेळाडूला लागतो: तो मुलगा बस्ट आहे, म्हणजे फुकट गेला, फुटला. मराठीत अशा वेळी आपण ‘अपेक्षाभंग’ म्हणतो आणि वाक्याचा स्वाभाविक घाट असतो, ‘माझा अपेक्षाभंग झाला’. अपेक्षा माझी होती आणि भंगही माझाच झाला. ज्याच्याकडून अपेक्षा होती तो या वाक्यात अभंगच उभा आहे. ‘त्याने आमचा अपेक्षाभंग केला’ असेही आपण रागाच्या भरात म्हणतो खरे, पण तिथेही ‘आमचा’ हा शब्द गाळता येत नाही, मोडलेली वस्तू कुणाच्या मालकीची होती हे भाषा सांगून टाकते. व्याकरणाने माणसे शहाणी होतात असा माझा दावा नाही. आमच्या घरातच माझा चुलतभाऊ दहावीला बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आला होता आणि पुढे तो एका बँकेत चांगली, साधी नोकरी करू लागला, तेव्हा आजीपासून सगळ्यांनी ‘पोराने नाव काढायला हवे होते’ हे वाक्य त्याच्या देखत, त्याच्या लग्नातसुद्धा म्हटलेले मी ऐकले आहे. दादाने काय बिघडवले होते, हे तेव्हा मला विचारता आले नाही. पुढे इथे येऊन या मुलांकडे पाहू लागले तेव्हा तो प्रश्न नीट मांडता आला.

या अपेक्षा तयार कशा होतात हे पाहिले तर अस्वस्थ व्हायला होते. अमेरिकेत शाळांच्या पातळीवर सुमारे दहा लाख मुले फुटबॉल खेळतात. पूर्वी टॉम लेमिंग यांच्यासारखी माणसे मोटारीने देशभर हिंडून शाळकरी खेळाडू पाहत आणि त्यांच्या याद्या छापत. इंटरनेट आल्यावर रायव्हल्स, स्काउट, टू-फोर-सेव्हन-स्पोर्ट्स अशा कंपन्यांनी हे काम हाती घेतले आणि दोनपासून पाचपर्यंत तारे देण्याची पद्धत रुजली. पाच तारे मिळतात ते देशभरातून वर्षाला जेमतेम तिसेक मुलांना. हा आकडा व्यावसायिक ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या बत्तीस निवडींशी जुळता ठेवण्याची कल्पना त्यामागे आहे. म्हणजे पाचवा तारा देताना सतरा वर्षांच्या मुलाविषयी असे म्हटले जाते की हा पुढे तीनचार वर्षांनी देशातल्या पहिल्या बत्तिसांत असेल. हे तारे निरर्थक आहेत असे मी म्हणणार नाही. पाच ताऱ्यांची मुले व्यावसायिक खेळापर्यंत पोहोचण्याचे प्रमाण तीन ताऱ्यांच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त असते. पण प्रमाण ही समूहाविषयीची गोष्ट आहे आणि तारे चिकटवले जातात ते एकेका मुलाच्या कपाळावर.

सतराव्या वर्षी ज्याचे शरीर पूर्ण भरले आहे तो शाळेच्या मैदानावर राक्षसासारखा दिसतो. इतरांची वाढ एकोणिसाव्या वर्षी होते आणि फरक मिटतो. उलट जे. जे. वॉटला शाळेत दोनच तारे होते. तो आधी सेंट्रल मिशिगनला गेला, मग शिष्यवृत्तीवाचून विस्कॉन्सिनच्या संघात शिरला आणि पुढे आपल्या काळातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. कॅलिफोर्नियातील फायरबॉ या शेतकरी गावच्या जॉश ॲलनला शाळा संपताना वरच्या श्रेणीतल्या एकाही विद्यापीठाने बोलावले नव्हते. ही उदाहरणे प्रेरणादायी म्हणून सांगितली जातात. मला त्यांत दुसरे काही दिसते. वॉट आणि ॲलन यांना चुकायला, वाढायला, एखादे वर्ष वाया घालवायला कुणी न पाहणारी जागा मिळाली. पाच ताऱ्यांच्या मुलाला ती मिळत नाही.

मिच मस्टेनचे उदाहरण मला फार लागते. आर्कान्सा राज्यातल्या स्प्रिंगडेलचा हा मुलगा २००५ चा देशातील सर्वोत्तम शालेय खेळाडू ठरला. आपल्याच राज्याच्या विद्यापीठात जाऊन पहिल्याच वर्षी तो आठ सामन्यांत पहिल्या डावापासून क्वार्टरबॅक म्हणून उतरला आणि संघ ते आठही सामने जिंकला. आठव्या सामन्यात, सुरुवातीच्या एका चुकीनंतर, त्याला बाहेर बसवले. पुढे तो लॉस एंजेलिसच्या यूएससी या विद्यापीठात गेला, तिथे आधी मार्क सँचेझ, मग मॅट बार्कली अशा दुसऱ्यांच्या मागे उभा राहिला, आणि शेवटी २०१० च्या नोव्हेंबरात त्याला एका सामन्याची सुरुवात करायला मिळाली. समोर आमचे नोटर डेम होते. पाऊस कोसळत होता. शेवटच्या दोनअडीच मिनिटांत त्याने फेकलेला चेंडू पूर्ण मोकळ्या धावणाऱ्या सहकाऱ्यापर्यंत अचूक पोहोचला आणि त्याच्या हातातून निसटला. तो धरला गेला असता तर यूएससी कदाचित जिंकले असते. सामना २०-१६ असा आमच्या बाजूने संपला, आमच्या घरात आनंद झाला, सलग आठ पराभवांनंतर यूएससीला हरवले म्हणून नवऱ्याने खाली तळघरात जाऊन आरडाओरडा केला, आणि मी दूरदर्शनवर तो मुलगा ओल्या मैदानावरून आत जाताना पाहत राहिले. विद्यापीठात ज्याने सुरुवात केलेल्या नऊ सामन्यांपैकी आठ जिंकले, त्याचे नाव आज अपयशी खेळाडूंच्या यादीत असते.

मॅक्स ब्राउनचेही तसेच. तोही पाच ताऱ्यांचा क्वार्टरबॅक, तोही यूएससीचा. तीन वर्षे थांबून २०१६ मध्ये त्याची पाळी आली तेव्हा पहिलाच सामना अलाबामाविरुद्ध होता आणि संघ ५२-६ असा हरला. तीन सामन्यांनंतर त्याच्या जागी सॅम डार्नल्ड आला आणि त्याच संघाने हंगामाच्या शेवटी रोझ बोल हा मानाचा सामना जिंकला. डेव्हिड सिल्सला तर २०१० मध्ये यूएससीच्या प्रशिक्षकांनी शिष्यवृत्ती देऊ केली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. तेरा! माझा मुलगा त्या वयात बुटाची नाडी सुटली तरी धावत असे. सिल्स पुढे क्वार्टरबॅक म्हणून उभा राहू शकला नाही, पण त्याने जागा बदलली, वेस्ट व्हर्जिनियासाठी चेंडू झेलणारा झाला, आणि २०१७ च्या हंगामात १८ टचडाउन केले. जागा बदलण्याची मुभा त्याने स्वतःला दिली, हे मला त्या अठरांपेक्षा मोठे वाटते.

आम्ही साऊथ बेंडला राहायला आलो ते २००६ मध्ये. त्याच वसंतात जिमी क्लॉसन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या मुलाने लांबलचक हमर लिमोझिनमधून येऊन, तेव्हा आमच्याच गावात असलेल्या कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, आपण नोटर डेमला येणार असल्याची घोषणा केली होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांत महिनोन्‌महिने त्याचीच चर्चा होती. २००७ मध्ये तो मैदानावर आला आणि संघ तीन सामने जिंकून नऊ हरला. त्या वर्षी नोटर डेममध्ये क्वार्टरबॅकांचे प्रशिक्षक म्हणून कोण होते, तर रॉन पॉव्लस. मला तेव्हा खेळ फारसा कळत नव्हता, पण ही जोडी कळली. थंडीत मैदानाच्या कडेला तो विशीतला मुलगा आणि त्याच्या शेजारी तिशीतला तो माणूस, ज्याला त्या मुलाच्या पाठीवर काय लादले आहे हे त्या स्टेडियममध्ये सर्वांत जास्त ठाऊक होते. मी नवऱ्याला दर वेळी सांगे की कॅमेरा कडेला गेला की मला हाक मार. क्लॉसनने २००९ मध्ये २८ टचडाउन पास दिले आणि प्रतिपक्षाच्या हाती फक्त चार फेकी जाऊ दिल्या. क्वार्टरबॅकसाठी हा फार सुंदर हिशेब आहे. संघ मात्र बारापैकी सहाच सामने जिंकला, मुख्य प्रशिक्षकांना काढले, आणि क्लॉसनच्या नावापुढेही तो लहान शब्द लागायला वेळ लागला नाही.

आता परिस्थिती बदलली आहे. २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आले. पूर्वी विद्यापीठ बदलले की बहुधा एक वर्ष बाहेर बसावे लागे, ते बंधनही पुढे गेले. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसेही मिळवता येतात. ही दोन्ही पावले न्यायाचीच होती असे मी मानते. मात्र मुलाच्या नावापुढे ताऱ्यांबरोबर रकमाही लिहिल्या जाऊ लागल्या, आणि रकमेची परतफेड मागायला लोकांना संकोच वाटत नाही.

हे सगळे मी पुस्तकी कळवळ्याने लिहीत नाही. आमच्या गल्लीत, तीन घरे सोडून, एक मुलगा वाढला. तो चेंडू झेलणारा होता, चार ताऱ्यांचा. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी शाळेच्या व्यायामशाळेत टेबलावर तीन विद्यापीठांच्या टोप्या मांडून तो बसला, मधली उचलून त्याने डोक्यावर घातली, आणि आम्ही सगळे उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी होते, माझ्याही. पहिल्या वर्षी त्याला मैदानावर उतरवले नाही. दुसऱ्या वर्षी गुडघा गेला. तिसऱ्या वर्षी नवे प्रशिक्षक आले आणि त्यांनी आपल्या पसंतीची मुले आणली. चौथ्या वर्षी तो तिथून निघून एका लहानशा महाविद्यालयात गेला, जिथले सामने दूरदर्शनवर दाखवत नाहीत. या काळात सुट्टीत तो घरी आला की मी रस्त्यावर थांबून हवेविषयी बोलत असे. त्याला दुखवायचे नाही म्हणून, असे मी स्वतःला सांगत होते. खरे म्हणजे ज्या टाळ्या मी वाजवल्या होत्या त्यांचे काय करायचे हे मला समजत नव्हते, आणि ती अडचण मी त्याच्या अंगावर ढकलत होते. दादाच्या लग्नात माझ्या माणसांनी जे मोठ्याने केले ते मी गप्प राहून केले.

गेल्या थँक्सगिव्हिंगला तो आमच्याकडे आईने पाठवलेला ‘पम्पकिन पाय’ हा भोपळ्याचा गोड पदार्थ घेऊन आला. बाहेर बर्फ होते, म्हणून आत बोलावले आणि चहा टाकला. मग इतक्या वर्षांनी मी त्याला विचारले, तुझा सगळ्यात आवडता सामना कुठला? त्याला क्षणभर विश्वास बसला नाही. मग त्याने त्या लहान महाविद्यालयातल्या, फार तर पाचसहाशे लोकांसमोर झालेल्या एका सामन्याची गोष्ट सुरू केली, आणि ती नुसत्या तोंडाने सांगता येईना म्हणून आमच्या टेबलावरचे चमचे ओळीने मांडले. चहाचे कप म्हणजे प्रतिपक्षाचे बचावपटू. मिठाची डबी म्हणजे तो. तिसरा डाव, अकरा यार्ड हवे होते, वारा समोरून. त्याने डबी हळूहळू आतल्या बाजूला सरकवली, दोन कपांच्या मधून, आणि थांबला, आणि मला म्हणाला, इथे बघा, इथे त्यांचा तो मागचा खेळाडू एक पाऊल चुकीचे टाकतो.

मी खुर्ची जवळ ओढली.